परदेशी तैनातीवर असताना चंद्रग्रहण कसं पाहावं

परदेशात गेल्यावरचं माझं पहिलंच चंद्रग्रहण मी झोपेत घालवलं. वहीत तारीख लिहिलेली होती. त्या तारखेच्या संध्याकाळी जेवण लवकर उरकलं, वाळूच्या गोण्यांना पाठ टेकली आणि वर पाहिलं, तर चंद्र गरगरीत, लख्ख, एक ओरखडासुद्धा नाही. ग्रहण त्याच तारखेला झालं होतं, पण पहाटे. मी तेव्हा पहारा संपवून घोरत होतो. त्यानंतर मात्र मी या गोष्टीची आखणी गस्तीसारखी करायला लागलो. तीच आखणी इथे देतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सूर्यग्रहण प्रत्येक गावाला वेगळ्या वेळी लागतं, कारण चंद्राची सावली पृथ्वीवरून सरकत जाते. चंद्रग्रहणात सावली पृथ्वीची असते आणि ती थेट चंद्रावर पडते. त्यामुळे ज्याला ज्याला चंद्र दिसतो आहे त्या प्रत्येकाला ग्रहण एकाच क्षणी लागतं आणि एकाच क्षणी सुटतं. फरक पडतो तो फक्त घड्याळातल्या आकड्याचा आणि चंद्र आकाशात किती वर आहे याचा. घरापासून हजारो किलोमीटरवर असलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. पण याच गोष्टीत एक धोकाही आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

वेळ: सगळं आधी झुलूमध्ये

ग्रहणाचे तक्ते जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये छापलेले असतात. लष्करात तिलाच आपण झुलू म्हणतो, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असतं. कोऱ्या कागदावर पाच क्षणांच्या वेळा लिहून घ्या. स्पर्श म्हणजे चंद्राची कड गडद सावलीला लागते तो क्षण. संमीलन म्हणजे चंद्र पूर्ण बुडतो तो क्षण. मग मध्य. उन्मीलन, जेव्हा पहिली उजळ कड बाहेर येते. आणि मोक्ष, म्हणजे चंद्र सावलीतून पूर्ण सुटला. पंचांगातले हे शब्द मला कुठल्याही परिभाषेपेक्षा आवडतात, एकेक शब्द एकेक घटना सांगतो.

३१ डिसेंबर २०२८ चं खग्रास ग्रहण उदाहरणाला घेऊ. झुलू वेळेनुसार स्पर्श साधारण १५:०७, संमीलन १६:१६, मध्य १६:५२, उन्मीलन १७:२८ आणि मोक्ष १८:३६.

आता हेच ग्रहण चार ठिकाणांहून पाहा. जिबूतीत घड्याळ झुलूच्या तीन तास पुढे. तिथे संमीलन संध्याकाळी १९:१६ ला. चंद्र नुकताच उगवून पूर्वेला वर चढत असेल. दक्षिण कोरियात घड्याळ नऊ तास पुढे, म्हणजे संमीलन ०१:१६ ला आणि तारीख झाली १ जानेवारी २०२९! तिथे चंद्र जवळजवळ डोक्यावर. ब्रिटनच्या बहुतेक भागात स्पर्श होतो तेव्हा चंद्र उगवलेलाच नसतो. तो अर्धवट ग्रासलेला वर येतो आणि संधिप्रकाशातच बुडतो. फॉकलंड बेटांवर तेव्हा भर दुपार असते, म्हणजे काहीच दिसणार नाही.

एकच ग्रहण, आणि तारखा दोन. माझी फजिती नेमकी इथेच झाली. म्हणून कागदावर कधीही नुसती तारीख लिहू नका. «३१ ची रात्र ते १ ची पहाट» अशी जोडी लिहा, शेजारी झुलू आणि स्थानिक वेळ दोन्ही. तुमच्या ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलतात का, हेही पाहून घ्या. छावणीचं घड्याळ कधी कधी आसपासच्या गावाच्या वेळेवर नसून मुख्यालयाच्या वेळेवर चालतं. कुठलं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नलवाल्याला विचारा, त्याला नक्की माहीत असतं.

कुठलं ग्रहण जागण्यालायक आहे

झोप ही तैनातीवरची सगळ्यात महाग वस्तू आहे, म्हणून इथे मी कठोर आहे. छायाकल्प ग्रहणासाठी उठू नका. त्यात चंद्र फक्त पृथ्वीच्या विरळ सावलीतून जातो आणि नुसत्या डोळ्यांना एका बाजूला जरा धूर लागल्यासारखं वाटतं, तेही वाटलं तर. २०२७ मधली तिन्ही चंद्रग्रहणं अशीच आहेत. १२ जानेवारी २०२८ चं खंडग्रासही सोडून द्या, चंद्राचा जेमतेम पंधरावा भाग झाकला जातो.

२८ ऑगस्ट २०२६ चं मात्र जवळजवळ खग्रास म्हणावं असं आहे. चंद्राचा ९३ टक्के व्यास सावलीत जातो, मध्य ०४:१३ झुलूला. अमेरिका खंड, युरोप आणि आफ्रिकेतल्या लोकांनी ते गाठावं. आणि २६ जून २०२९ साठी मी रजेचा दिवससुद्धा खर्च केला असता. ते ग्रहण १०२ मिनिटं खग्रास राहतं, ०२:३१ ते ०४:१३ झुलू. चंद्र सावलीच्या जवळजवळ मधोमध जातो म्हणून एवढा वेळ मिळतो. इथेही तारखेचा तोच खेळ: अमेरिकेत ती २५ जूनची रात्र असेल. त्याच वर्षी २० डिसेंबरला आणखी एक खग्रास आहे, मध्य २२:४२ झुलू, खग्रास अवस्था ५४ मिनिटांची.

जागा आणि परवानगी

ग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. एवढ्यावरून दिशा काढता येते. ग्रहण संध्याकाळी असेल तर पूर्वेकडे मोकळं क्षितिज हवं, पहाटे असेल तर पश्चिमेकडे. मध्यरात्रीचं असेल तर चंद्र त्याच्या सर्वांत उंच जागी, तेव्हा दोन कंटेनरच्या फटीतूनही काम भागतं. पौर्णिमेचा चंद्र सहा महिन्यांपूर्वीच्या दुपारच्या सूर्याच्या वाटेने चालतो. म्हणजे उत्तर गोलार्धात डिसेंबरमधला चंद्र उंच, जूनमधला खाली. उंची मोजायला हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चंद्र क्षितिजापासून दोन मुठींच्या खाली राहणार असेल तर धूळ आणि धूर यांचा हिशेब आधीच करा. कोरड्या प्रदेशात खालचं आकाश संध्याकाळी पिवळट चिखलासारखं असतं आणि खग्रास चंद्र त्यात अक्षरशः हरवतो.

दोन दिवस आधी, त्याच वेळेला, ठरवलेल्या जागी एकदा उभे राहून या. त्या रात्री चंद्र ग्रहणाच्या रात्रीपेक्षा दीड-दोन तास आधी तिथे पोचलेला असेल एवढं धरून चाला. कुठला दिवा तोंडावर येतो, जनरेटरचा धूर कुठे जातो, कुठल्या वाटेने कोण येतं-जातं, सगळं कळतं.

जागा कुंपणाच्या आतली. आखलेल्या वाटेच्या बाहेर, चांगलं आकाश दिसतं म्हणून, चार पावलंही नाही. ज्या जमिनीत कधी सुरुंग पेरलेले होते तिथे «इथे तर काही नसेल» हे वाक्य आधीही पुष्कळांनी म्हटलेलं आहे. छपरावर, पाण्याच्या टाकीवर, मनोऱ्यावर चढू नका. उजळ आकाशासमोर उभा राहिलेला माणूस लांबून दिसतो, आणि ग्रहण सुरू होण्याआधीचा तासभर तर भर पौर्णिमा असते. त्या दिवशी हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट घालण्याचा हुकूम असेल तर ग्रहणही हेल्मेट घालूनच पाहायचं. मान अवघडते, पण पाठ टेकून बसलं की चालतं.

गार्ड कमांडरला आधी सांगा. परवानगी हे त्याचं एक कारण, पण दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. खग्रास अवस्थेत चंद्राचा उजेड दहा हजार पटीने किंवा त्याहूनही जास्त कमी होतो. रात्रीच्या नियोजनात पौर्णिमा म्हणून शंभर टक्के चंद्रप्रकाश धरलेला असतो, आणि मधेच तासभर अमावस्या होते. चंद्रप्रकाशाच्या तक्त्यात ग्रहणाची नोंद असेलच असं नाही. ही माहिती तुमच्याकडून पोचली तर तुम्ही हौशी बघे उरत नाही, कामाचा माणूस ठरता. मला एकदा याच कारणाने ग्रहण पाहायला सरळ होकार मिळाला होता.

तुमची स्वतःची पाळी ग्रहणाच्या वेळेला असेल तर आधीच बदलून घ्या, बदलीत कोणाची तरी नकोशी पाळी पत्करा. बदल झाला नाही तर ग्रहण विसरा. पहारेकऱ्याचे डोळे समोर हवेत, आकाशात नकोत. या बाबतीत इतिहासातही धडा आहे. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचं सैन्य समुद्रापार सिसिलीतल्या सिराक्यूजला अडकलं होतं. माघारीची तयारी झाली आणि २७ ऑगस्टच्या रात्री चंद्र खग्रास झाला. सेनापती निकियसने भविष्यवेत्त्यांचं ऐकून सत्तावीस दिवस थांबायचं ठरवलं. त्या अवधीत बंदराची कोंडी झाली आणि सैन्य संपलं. उलट इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियाविरुद्धच्या पिडनाच्या लढाईआधी ग्रहण लागलं, तेव्हा रोमन अधिकारी गायस सल्पिसियस गॅलस याने ते कसं होतं हे सैनिकांना समजावून सांगितलं. रोमन नंतर जिंकले. ग्रहण समजावल्यामुळे जिंकले असं मी म्हणणार नाही, पण घाबरलेलं सैन्य रात्रभर जागं राहिलं नाही हे तर खरं.

सामान

नुसते डोळे पुरतात. चंद्रग्रहण पाहायला कसलाही चष्मा किंवा काच लागत नाही, ती काळजी सूर्यग्रहणाची.

दुर्बीण असेल तर मजा दुप्पट होते. ७×५० किंवा १०×५० उत्तम (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं याचा, दुसरा पुढच्या काचेच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा), कोपर गुडघ्यावर किंवा गोणीवर टेकवा म्हणजे चित्र थरथरत नाही. लष्करी दुर्बिणीत मिलच्या, म्हणजे कोन मोजायच्या लष्करी एककाच्या, खुणा असतील तर एक गंमत करता येते. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल धरले तर चंद्राचा व्यास सुमारे ९ मिल भरतो. चंद्र एका तासात साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणजे सावलीची कड बरोबर मधून जात असेल तर ती सहा-सात मिनिटांत एक मिल पुढे येते. खुणेवर खूण धरून हे मोजता येतं.

नाईट व्हिजन मात्र पेटीतच राहू द्या. त्यातून सगळं एकाच रंगात दिसतं आणि ग्रहणाचा अर्धा जीव रंगात आहे. शिवाय ते सरकारी सामान आहे, छंदासाठी काढलेलं कोणाला आवडत नाही.

टॉर्च लाल काचेची, तीही परवानगी असेल तरच. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा उजळला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. लिहायला कागद आणि पेन्सिल. पेन थंडीत किंवा धुळीत दगा देतं. लांब बाह्या, डासांचं मलम, पाणी. अंथरूण जमिनीवर टाकण्याआधी झटका, बूट काढले असतील तर घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचवाला ग्रहणाचं काही पडलेलं नसतं.

प्रत्यक्ष पाहताना

स्पर्शाच्या वीसेक मिनिटं आधी जागेवर या. चंद्राची एक बाजू मळकट वाटू लागते, ती विरळ सावली. मग स्पर्श. उत्तर गोलार्धात दक्षिणेला तोंड करून उभे असाल तर सावली डावीकडून खाते. दक्षिण गोलार्धात चंद्र उत्तरेच्या आकाशात असतो आणि आपल्या सवयीच्या मानाने उलटा, तिथे सावली उजवीकडून येते. आयुष्यभर एकाच बाजूने चंद्र पाहिलेल्या माणसाला पहिल्या रात्री हे फार विचित्र वाटतं. मला तर चंद्रावरचे डाग ओळखीचे वाटेनात.

सावलीची कड सरळ नसते, वक्र असते. ती कमान म्हणजे पृथ्वीचा आकार. तुम्ही, तुमची छावणी आणि तुमचं घर, सगळे मिळून ती सावली पाडत आहात.

दुर्बीण असेल तर विवरांच्या वेळा लिहा, हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. टायको, कोपर्निकस, ॲरिस्टार्कस ही तीन विवरं पौर्णिमेलाही ठळक दिसतात. सावलीची कड प्रत्येक विवरावर कधी पोचली ते जवळच्या मिनिटापर्यंत लिहा, बाहेर पडतानाही लिहा. पृथ्वीच्या वातावरणामुळे सावली नुसत्या भूमितीने निघते त्यापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी असते, आणि हे हौशी निरीक्षक अशाच नोंदींवरून मोजत आले आहेत.

संमीलनाच्या आधी दहा मिनिटं घाई नका करू. उरलेली उजळ कड एवढी प्रखर असते की लाल रंग नीट दिसत नाही. ती विझली की अचानक चंद्र गोळा दिसायला लागतो, चपटी थाळी न वाटता खराखुरा चेंडू. आणि इतका वेळ चंद्रप्रकाशाने लपवलेले तारे एकदम बाहेर येतात. इथे पाच मिनिटं काहीच लिहू नका.

लाल रंग कुठून येतो? पृथ्वीच्या कडेने जाणारा सूर्यप्रकाश वातावरणात वाकून सावलीत शिरतो आणि वाटेत त्याचा निळा भाग विखुरतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आणि मावळतो आहे, त्या सगळ्या ठिकाणांचा उजेड चंद्रावर पडलेला असतो. रंगाची नोंद करायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ याची मोजपट्टी वापरा. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीसा. एक म्हणजे करडा-तपकिरी. दोन गंजासारखा, तीन विटेसारखा, कडेला पिवळट. चार म्हणजे तांब्यासारखा, नारिंगी, कडेला निळसर झाक. मोठा ज्वालामुखी उसळला की हवेत उंच पोचलेल्या बारीक कणांमुळे आकडा खाली येतो. १९९१ मध्ये पिनातुबोचा उद्रेक झाला, त्यानंतर ९ डिसेंबर १९९२ चं ग्रहण फार काळोखं झालं होतं. आकडा मध्याला ठरवा, आणि शेजाऱ्याला न विचारता ठरवा.

फोटोबद्दल थोडक्यात. फ्लॅश आधी बंद करा, मग पुन्हा तपासा. अंधारात फ्लॅश उडवणाऱ्याला पुढची अख्खी तैनाती टोमणे ऐकावे लागतात, आणि ते योग्यच आहे. उजळ चंद्राला शटर छोटं, १/१२५ सेकंद किंवा कमी. खग्रास चंद्राला एक-दोन सेकंद लागतात, म्हणजे फोन गोणीवर टेकवून टायमर लावायचा. छावणीत फोटोच काढायचे नाहीत असा हुकूम असेल तर पेन्सिलने वर्तुळ काढा आणि दर दहा मिनिटांनी सावली रेखा. माझ्याकडे अशी चार पानं आहेत, फोटो एकही नाही.

घरच्यांबरोबर पाहायचं असेल तर

घरीही त्याच वेळी रात्र असेल तर दोघांनी एकत्र ग्रहण पाहता येतं, आणि त्यासाठी फोन जोडलेला असण्याची गरज नाही. निघण्याआधीच किंवा आधीच्या फोनवर ठरवा: संमीलनाला दोघांनी बाहेर उभं राहायचं, दोघांनी रंगाचा आकडा लिहायचा, नंतर पडताळायचा. झुलूतली वेळ घरच्यांना त्यांच्या घड्याळात बदलून द्या, ते काम त्यांच्यावर सोडू नका. लहान मुलांना पूर्ण ग्रहणाला जागवणं शक्य नसतं, त्यांना एकच क्षण द्या. «अमुक वाजता बाबाही तिकडून हेच बघतोय» एवढं पुरतं.

आता तो धोका. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, म्हणजे ते सगळ्या जगाचं घड्याळ आहे, आणि घड्याळावरून जागा काढता येते. ही फार जुनी युक्ती आहे. इ.स.पू. ३३१ मध्ये, गॉगामेलाच्या लढाईच्या अकरा दिवस आधी, अलेक्झांडरच्या सैन्याने घरापासून दूर मेसोपोटेमियात खग्रास चंद्रग्रहण पाहिलं. तेच ग्रहण उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजलाही दिसलं. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नंतर लिहिलं की रणभूमीकडच्या अर्बेला शहरात ते रात्रीच्या पाचव्या तासाला दिसलं आणि कार्थेजला दुसऱ्या तासाला, म्हणून दोन्ही शहरांत तीन तासांचं, म्हणजे ४५ रेखांशांचं अंतर. खरं अंतर ३४ अंशांच्या आसपास आहे, नोंद कच्ची होती. आजची नोंद कच्ची नसते.

म्हणून «इथे चंद्र उगवला तेव्हाच अर्धा ग्रासलेला होता» हे घरच्या गटावर टाकलेलं निरागस वाक्यही पृथ्वीवरची एक पट्टी दाखवून देतं. संमीलनाच्या वेळी चंद्र डोंगराच्या किती वर होता हे दाखवणारा फोटो त्याहून जास्त सांगतो. तेव्हा फोनमधलं लोकेशन बंद करणं ही फक्त पहिली पायरी. फोटोत क्षितिज, मनोरा, झाड, काहीही नको, फक्त चंद्र. चंद्र कुठल्या दिशेला होता, किती उंच होता, ढग होते का, तुमच्याकडे किती वाजले होते, यातलं काही लिहायचं नाही. रंगाचा आकडा बिनधास्त सांगा. रंग सगळीकडे साधारण सारखाच असतो, त्यावरून तुमचा पत्ता लागत नाही. विवरांच्या वेळा झुलूत असतील तर त्याही सांगायला हरकत नाही, पण त्या घरी परतल्यावर सांगितल्या तरी शिळ्या होत नाहीत. तुमच्या तुकडीचा नियम याहून कडक असेल तर अर्थात तोच पाळायचा.

उन्मीलनानंतर पुन्हा सगळा खेळ उलट्या क्रमाने होतो. एकदा पाहिलेला असेल तर मोक्षापर्यंत बसायची गरज नाही. विवरांच्या वेळा लिहीत असाल तर गोष्ट वेगळी. दुर्बिणीच्या काचा पुसून ती परत करा, कागदावर झुलू वेळ आणि रंगाचा आकडा नीट वाचता येतोय का पाहा, जागेचं नाव चुकून लिहिलं असेल तर ते खोडा, आणि झोपा. पहाटेची पाळी बहुधा तुमचीच असते, बदलीत तीच तर घेतलेली असते.